चाळीस मिलिग्रॅमचं भाषण

अमरावतीच्या माणसाला डोक्याच्या डॉक्टरकडे जायचं असलं की तो अकोल्याला जातो. अकोल्याचा माणूस अमरावतीला येतो. दोन्हीकडचे लोक याला अब्रू म्हणतात. बडनेऱ्याहून सकाळची गाडी धरायची, पिशवीत दोन पुस्तकं टाकायची म्हणजे व्याख्यानाला निघाल्यासारखं दिसतं, आणि अकोला येईपर्यंत कुणी ओळखीचं भेटू नये म्हणून खिडकीकडे तोंड करून बसायचं. मी हे चार वर्षं केलं. त्या चार वर्षांत अकोल्यात माझी व्याख्यानं फार झाली, असं माझ्या शाळेत सगळ्यांना वाटत होतं. एका सहकाऱ्याला तर हेवाही वाटायचा.

त्या दवाखान्यात एकदा समोरच्या बाकावर आमच्याच गल्लीतले एक निवृत्त अधिकारी दिसले. त्यांनी मला पाहिलं, मी त्यांना पाहिलं, आणि दोघांनीही एकदमच सांगून टाकलं की आपण मेव्हण्याला घेऊन आलो आहोत. मेव्हणा कुठे आहे, हे कुणीच कुणाला विचारलं नाही. कंपाउंडरने माझं नाव पुकारलं तेव्हा त्या गृहस्थांनी डोळे मिटून घेतले. असला सभ्यपणा आमच्याकडे फार. एकमेकांना मदत सोडून बाकी सगळं करू.

डॉक्टर एकदा हसत म्हणाले होते की तुमच्या अमरावतीत माझा वर्गमित्र बसतो, माझ्यापेक्षा हुशार आहे, पण त्याच्याकडे सगळी अकोल्याचीच गर्दी. मी पण हसलो. मला त्यात हसण्यासारखं काय वाटलं कुणास ठाऊक.

आता गोळ्यांचं सांगतो, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. मी शाळेत मराठी शिकवायचो. दमा जुनाच होता. खडूची धूळ आणि घरामागच्या जिनिंगमधून हंगामभर उडणारी कापसाची तूस, दोन्ही त्याला मानवणारी. रक्तदाबही होता. अमरावतीच्या डॉक्टरांनी तीन गोळ्या दिल्या होत्या. एक रक्तदाबाची. एक श्वास मोकळा करणारी, जिच्यामुळे हात थरथरत. आणि दम फारच लागला तर आठवडाभरापुरती स्टेरॉइडची, चाळीस मिलिग्रॅमपासून सुरू करून हळूहळू उतरवायची. अकोल्याच्या डॉक्टरांनीही तीन दिल्या. एक पडलेलं मन उचलणारी, एक झोपेची, आणि एक हातांची थरथर आणि छातीची धडधड थांबवणारी.

अकोल्यात मी दम्याचं सांगितलं नाही. अमरावतीत अकोल्याचं सांगितलं नाही. डॉक्टर डॉक्टर एकमेकांना ओळखतात, उद्या फोनवर बोलता बोलता एकाच्या तोंडून निघालं तर? दोघेही विचारायचे, आणखी काही त्रास, आणखी काही औषध? दोघांनाही मी नाही म्हणायचो. वर्गात त्याच आठवड्यात पोरांना सत्य बोलण्यावर निबंध लिहायला दिलेला असायचा.

मेडिकलवाला पाकीट कात्रीने कापून पाच पाच गोळ्या द्यायचा. नाव कापलेल्या तुकड्यात राहून जायचं. मला ते सोयीचंच होतं. अकोल्याच्या गोळ्या मी चूर्णाच्या एका रिकाम्या डब्यात ठेवायचो आणि बायकोला पोट साफ राहण्याचं औषध म्हणून सांगायचो. माणसाचं पोट इतकं कसं बिघडतं, असं तिने कधी विचारलं नाही. तिला मी भोळी समजत होतो. शहाण्या माणसांची ही खोड असते, घरात एक तरी माणूस भोळं लागतं त्यांना.

त्या सहा गोळ्यांनी माझं काय केलं ते ऐका. काही दिवस उजाडायचे ते लग्नघरासारखे. पहाटे उठून नव्वद वह्या तपासायचो, फाटकाला रंग द्यायचो, दुपारी तो आवडला नाही म्हणून दुसरा द्यायचो, बाजारातून एकदम सहा किलो वांगी आणायचो. घरात माणसं दोन. मला वाटायचं की मी बरा झालो. चार दिवसांनी तोच मी रेडिओवरचे बाजारभाव ऐकता ऐकता रडायला लागायचो, आणि रडताना कुणी पाहिलं की त्या माणसावर धावून जायचो. एकदा बायकोने आणखी पिठलं वाढू का इतकंच विचारलं. मी ताट उचलून अंगणात फेकलं. तिने ताट धुऊन आणलं, फडताळात ठेवलं आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेन्सिलीने एक फुली मारली. मला वाटलं दूधवाल्याचा खाडा.

हे मन माझं आहे की गोळीचं, असं मी स्वतःला कधी विचारलं नाही. चांगलं मन माझं आणि वाईट मन जगाचं, अशी माझी सरळ वाटणी होती.

ती वर्षं आमच्या भागाच्या बदनामीची होती. वऱ्हाडाचं नाव रोज मोठ्या शहरांच्या पेपरांत यायचं आणि कधीही चांगल्या कारणाने यायचं नाही. पाहुणे येत, गाड्या येत, पाण्याच्या बाटल्या येत. मग कुणाच्या तरी डोक्यात आलं की गावकऱ्यांना पाऊस आणि भाव देता येत नाही, तर मनोबल द्यावं. गावोगाव मनोबलाची शिबिरं सुरू झाली. त्यासाठी बोलणारी माणसं हवी होती, आणि बोलणाऱ्या माणसांचा दुष्काळ आमच्याकडे कधीच नव्हता. शाळेतल्या मराठीच्या मास्तरांना जीपमध्ये बसवून नेत. मी त्यातला नामांकित. खेड्यातल्या माणसाने खचू कसं नये, हे मी चुन्याने रंगवलेल्या ओट्यांवर उभा राहून सांगायचो. खिशात अकोल्याची चिठ्ठी असायची.

एक शिबिर नांदगाव खंडेश्वरच्या बाजूच्या एका गावात होतं. ते माझ्या धाकट्या बहिणीचं सासर. माझ्यात आणि तिच्यात सहा वर्षांचं अंतर. मी शिकलो, ती शिकली नाही, कारण घरात एकालाच शिकवायचं होतं आणि तो मुलगा असणार हे ठरलेलं होतं. त्याची भरपाई म्हणून की काय, ती प्रत्येक गोष्ट मला विचारून करायची. पोरीला कोणत्या शाळेत घालू, विहिरीत मोटर कोणती टाकू, नवऱ्याच्या डोळ्याचं ऑपरेशन आता करू की दिवाळीनंतर. भाऊ म्हणाला की झालं. मला ते आवडायचं, हे आता कबूल करायला हरकत नाही.

वर्षभरापूर्वी ती एकाएकी गुमसुम झाली होती. कारण मी सांगणार नाही, कारण मला ते माहीत नाही, तिलाही नव्हतं. गाड्या घेऊन येणाऱ्यांना कारण फार लागायचं. एक माणूस, एक कारण, एक फोटो. ती चुलीपुढे बसून राहायची, भाकरी जळायची, तिला वास यायचा नाही. तिच्या नवऱ्याने, बिचाऱ्या अडाणी माणसाने, मी केलं नाही ते केलं. तिला सरळ अमरावतीच्या सरकारी दवाखान्यात नेलं, सगळ्यांच्या रांगेत उभं केलं. एक गोळी मिळाली, रोज एक. आठ महिन्यांत ती परत हसायला, भांडायला लागली होती.

शिबिराच्या आधीच्या आठवड्यात माझा दम वाढला होता आणि मी स्टेरॉइडच्या चाळीसवर होतो. त्या दिवशी मी काय बोललो! दीड तास बोललो. पाण्याचा घोट घेतला नाही. मन हेच औषध, मन हाच वैद्य, असली वाक्यं तोंडातून आपोआप बाहेर पडत होती आणि मला प्रत्येक वाक्य उपनिषदातलं वाटत होतं. गोळ्यांच्या कुबड्या फेका, असंही म्हणालो. टाळ्या पडल्या. अध्यक्षांनी शाल दिली, नारळ दिला. दुसऱ्या दिवशी पेपरात तीन ओळी आल्या आणि त्यात ओजस्वी हा शब्द होता. ते कात्रण मी बरीच वर्षं जपून ठेवलं.

भाषण झाल्यावर बहिणीकडे जेवायला गेलो. तिने पदराच्या गाठीतून गोळ्यांचं पाकीट काढलं.

“भाऊ, मी ह्या गोया घेऊन राहिली ना दवाखान्याच्या. मंग ह्या घेऊ का सोडू?”

मी तेव्हा पाटावर बसलो होतो. शर्टाच्या वरच्या खिशात, तिच्या हातापासून वीतभर अंतरावर, माझ्या दुपारच्या दोन गोळ्या कागदात गुंडाळलेल्या होत्या. मी म्हणालो, “बाई, किती दिवस घेशील? मन खंबीर ठेव. काही गरज नाही त्याची.”

तिने पाकीट चुलीच्या राखेत टाकलं. मग मला विचारलं, आमटी आणखी वाढू का. त्या दिवशी माझं मन चांगलं होतं. ताट फेकलं नाही. जाताना बाहेर हात धुवायच्या निमित्ताने परसात गेलो आणि माझ्या दोन गोळ्या पाण्याशिवाय गिळल्या.

दोन महिन्यांनी तिला जीपमध्ये घालून आणलं. दोन दिवस ती उभ्या तुरीत बसून होती. खात नव्हती, बोलत नव्हती, उठवलं की परत जाऊन बसायची. दवाखान्यात मी, तिचा नवरा, तिचा दीर असे उभे होतो. डॉक्टरीणबाईंनी कागद उलटून पाहिले आणि रागाने विचारलं की चांगल्या चालू असलेल्या गोळ्या सोडायला हिला कुणी सांगितलं. नवरा माझ्याकडे पाहू लागला. त्याला माहीत होतं, पण शिकलेल्या मेव्हण्यापुढे बोलायची त्याला सवय नव्हती. मी छताच्या पंख्याकडे पाहत होतो. तेवढ्यात दोन दिवस गप्प असलेली माझी बहीण बोलली.

“कोणी नाई सांगतलं. मीच सोडल्या.”

तिने मला वाचवलं. आणि मी स्वतःला वाचू दिलं. डॉक्टरीणबाईंनी मग मलाच सांगितलं की सर, तुम्ही शिकलेले दिसता, हिच्या घरच्यांना जरा समजावून सांगा. मी हो म्हणालो. समजावलंही. तिच्या नवऱ्याला, दिराला, अगदी बोट उगारून.

ती बरी व्हायला दीड वर्ष गेलं. पहिल्या वेळी आठ महिने लागले होते. त्या दीड वर्षात तिच्या पोरीचं लग्न झालं आणि तिला ते नीट आठवत नाही. मांडवात कोण आलं, कोण रुसलं, पोरगी जाताना रडली का, हे ती आजही दुसऱ्यांना विचारते. मी हे लिहितो आहे ते त्या लग्नासाठी. बाकीच्याची भरपाई झाली असती, नसती. याची होत नाही.

आणि तिने मला विचारणं बंद केलं. भांडली नाही, टोमणा मारला नाही. नुसतं विचारणं बंद केलं. दिवाळीला जाऊन बसलो तर चहा द्यायची आणि कामाला लागायची.

माझं बिंग फुटलं ते एका दुपारी, वर्गात. व्याकरण शिकवताना दम कोंडला तो सुटेचना. पोरांनी खांद्यावर घेऊन ऑटोत घातलं. दवाखान्यात आमचे जुने डॉक्टर गावाला गेले होते, त्यांच्या जागी एक तरुण डॉक्टर होता. त्याने माझ्या बायकोला सांगितलं की घरी असतील नसतील तेवढी सगळी औषधं घेऊन या, झंडूपासून जुलाबापर्यंत. ती गेली आणि पिशवी घेऊन आली. पलंगावर तिने एकीकडे अमरावतीच्या गोळ्या ठेवल्या, दुसरीकडे चूर्णाचा डबा उपडा केला. मग पदराखालून कॅलेंडरं काढली. चार वर्षांची.

“ह्या अकोल्याच्या,” ती डॉक्टरांना म्हणाली. “यांना वाटते मले माहीत नाही. आन् ह्या फुल्या यांच्या वाईट दिवसांच्या.”

डॉक्टरने माझ्या जुन्या चिठ्ठ्यांवरच्या तारखा आणि फुल्या ताडून पाहिल्या. मग तो खुर्ची ओढून बसला. थरथर थांबवणारी जी गोळी अकोल्याने दिली होती ती दमेकऱ्याला द्यायची नसते. तिच्याने माझा श्वास कोंडायचा. श्वास कोंडला की अमरावतीकडून स्टेरॉइड मिळायचं. स्टेरॉइडने डोकं आभाळात जायचं, आणि ते बंद झालं की खाली आपटायचं. आपटलं की मी अकोल्याला, आणि अकोला गोळी वाढवायचा. चार वर्षं मी या दोन गावांच्या मध्ये चेंडूसारखा जात होतो आणि तिकीटही स्वतःच काढत होतो. “सर,” तो म्हणाला, “तुमचा मूळ आजार किती आणि तुमच्या लपवण्याचा किती, हे आता सांगता यायचं नाही.”

पडल्या पडल्या मला त्या शिबिराची तारीख आठवली. माझं ओज चाळीस मिलिग्रॅमचं होतं. मन हाच वैद्य म्हणणारा मी नव्हतोच, ती स्टेरॉइडची गोळी बोलत होती. हे सांगून सुटता आलं असतं. पण पाटावर बसून बहिणीला जे सांगितलं ते गोळीने सांगितलं नव्हतं. तिथे फक्त मला लाज वाटली होती, आणि लाजेची गोळी अजून निघालेली नाही.

दोन्ही डॉक्टरांना एकमेकांशी बोलायला लावलं. एक गोळी कायमची गेली, दोन बदलल्या, दम्यासाठी तोंडात मारायचा फवारा आला. आता सगळी औषधं एका वहीत लिहिलेली असतात आणि वही बायकोकडे असते. मन अजूनही वरखाली होतं, पण आता निदान मी त्याच्यावर भाषण करत नाही.

बरा झाल्यावर पहिल्यांदा बहिणीकडे गेलो. ती ओसरीवर सुपात तूर पाखडत बसली होती. मी खाली बसलो आणि पिशवीतल्या सगळ्या गोळ्या, नव्या आणि बंद झालेल्या, तिच्या समोर पोत्यावर ओतल्या. म्हणालो, तुला सोडायला सांगितलं त्या दिवशी मी ह्या घेत होतो.

तिने सूप खाली ठेवलं. एकेक तुकडा उचलून बियाणं पाहावं तसं पाहिलं. ही कायची, ही कायची, असं विचारत गेली. मी सांगत गेलो. झोपेची, श्वासाची, मनाची. मनाच्या गोळीपाशी ती थांबली.

“हे त माह्यीच हाये.”

तीच होती. रंगसुद्धा तोच.

“इतक्या?” ती म्हणाली. “आन् मले एक सोडायले लावली?”

मी म्हणालो, चुकलो बाई. पुढेही बरंच तयार करून आणलं होतं, ते तिने ऐकून घेतलं नाही.

“मले काय सांगतं आता? मले मालूम पडून लगन पुन्हा होईन का पोरीचं? थ्या दिवशी समद्या गावासमोर बोलला होता ना? मंग गावासमोरच सांग. मी एकटीनं नाई सोडल्या. थे शिवणवाली भाभी माह्या बाजूले बसली होती, तिनंबी फिटच्या बंद केल्या. मशीनवर पडली, कपायाले सात टाके पडले तिच्या. तुले कोण सांगन? तू त नारय घेऊन गेला.”

हे मला माहीत नव्हतं. विचारलंच नव्हतं. भाषण करून जीपमध्ये बसणारा माणूस गावात पुढे काय झालं ते विचारायला कशाला येतो?

पुढच्या बाजाराच्या दिवशी, लोक परतल्यावर, संध्याकाळी त्याच ओट्यावर उभा राहिलो. शाल नव्हती, अध्यक्ष नव्हते. पंधरा-वीस माणसं असतील. भाभीही होत्या, पदर कपाळापर्यंत ओढून. मी म्हणालो की त्या वेळी मी इथे गोळ्या फेका म्हणालो होतो, तेव्हा मी स्वतः सहा गोळ्या घेत होतो, ते खोटं होतं, ज्यांना डॉक्टरने दिल्या आहेत त्यांनी त्या त्याला विचारल्याशिवाय सोडू नका. एवढंच. मिनिटभरात संपलं.

मग एक म्हातारा, विडी विझवत, अगदी मनापासून म्हणाला, “सर, मागच्या बारीले लय जोरदार बोलले होते तुमी. हे काही तेवढं जमलं नाई.”

लोक हसले. मला वाटतं भाभीही हसल्या. नंतर जवळ येऊन त्या मला एवढंच म्हणाल्या की आता गोळी चालू आहे, मास्टरजी, फिकर करू नका. फिकर करू नका! सात टाके त्यांना आणि दिलासा मला. मान वर करवली नाही.

बहीण घरी परतताना पुढे चालत राहिली. दारात मात्र वळली. सोमवारी मले दवाखान्यात जायचं हाये, म्हणाली, यांना वावरात काम हाये, तू ये. आणि मी तोंड उघडायच्या आत: “बोलू नको तिथं काही. नुसता बसजो.”

सोमवारी अमरावतीच्या सरकारी दवाखान्यात, त्याच खोलीबाहेर, फळीच्या बाकावर आम्ही दोघं बसलो. समोरून माझ्या शाळेतला एक शिक्षक कुणाला तरी भेटायला चालला होता. थांबला, इकडे कुठे म्हणाला. सवयीने माझ्या जिभेवर आलंच होतं, बहिणीला घेऊन आलो आहे. खरंही होतं. पण बहिणीने मला बोलू नको म्हटलं होतं, म्हणून मी गप्प राहिलो, आणि उत्तर तिनेच दिलं, हातातल्या कागदाची घडी घालत, शांतपणे.

“माहा भाऊ हाये हा. यालेबी गोया चालू हायेत.”